विश्लेषण : शेततळी वाढली, मग विहिरी का आटतात? फड, मामा तलाव आणि पाणीपंचायतीकडून काय शिकायचे?

महाराष्ट्रात दुष्काळ जाहीर होणे आता नवलाचे राहिलेले नाही. २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत, तर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत राज्य सरकारला दुष्काळ जाहीर करावा लागला. दोन्ही वेळी तारीख ३१ ऑक्टोबरच होती. म्हणजे पावसाळा संपून महिनाही झाला नव्हता आणि पुढच्या उन्हाळ्याची धास्ती सुरू झाली होती. राज्यात जलसंधारणाची कामे झाली नाहीत म्हणून हे घडले, असेही म्हणता येत नाही. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये देशातील जलसाठ्यांची पहिली गणना प्रसिद्ध केली. तीत देशभर २४ लाख २४ हजारांहून अधिक जलसाठे नोंदले गेले. त्यांपैकी ९७ टक्के ग्रामीण भागात आहेत. पाझर तलाव, बंधारे अशा जलसंधारण योजनांच्या संख्येत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे. अशी कामे सर्वाधिक असलेल्या राज्यात टँकर का लागतात? आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या फड पद्धतीचा किंवा मामा तलावांचा या प्रश्नाशी काय संबंध?

पाऊस खरेच कमी पडतो का?

आधी साधे गणित मांडू. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी पडते. मराठवाड्यातील किंवा पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. शिवार १,००० हेक्टर, लोकसंख्या १,५०० आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर. या शिवारात वर्षाला ६०० कोटी लिटर पाणी पडते.

जलजीवन मिशनच्या निकषानुसार माणशी दिवसाला ५५ लिटर धरले, तर गावाला वर्षभरासाठी सुमारे ३ कोटी लिटर पाणी लागते. ६०० जनावरांना प्रत्येकी ५० लिटर धरले, तर आणखी १ कोटी १० लाख लिटर. माणसे आणि गुरे मिळून गरज ४ कोटी लिटरच्या आसपास, म्हणजे पडलेल्या पावसाच्या १ टक्क्याहूनही कमी. पाऊस निम्मा झाला, तरी हे प्रमाण दीड टक्क्याच्या आतच राहते.

अर्थात सगळे पाणी हाती लागत नाही. बराच भाग बाष्पीभवनाने आणि पिकांतून हवेत जातो, काही वाहून जातो. काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या प्रदेशात साधारण १० टक्के पाणी जमिनीत मुरते असे मानले, तर आपल्या गावाच्या भूजलात दरवर्षी सुमारे ६० कोटी लिटर पाण्याची भर पडते. पिण्याच्या गरजेच्या तुलनेत हेही भरपूर आहे.

हे ६० कोटी लिटर जाते कुठे? उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाने मिळणारा वाटा वजा केला, तरी हेक्टरी दीड कोटी लिटर पाणी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसावे लागते. म्हणजे ४० हेक्टर उसाने, शिवाराच्या फक्त ४ टक्के क्षेत्राने, वर्षभर मुरलेले सगळे पाणी संपू शकते. गावातील दीड हजार माणसांचे वर्षाचे पिण्या-वापरण्याचे पाणी म्हणजे दोन हेक्टर ऊस. हे आकडे एका नमुन्यादाखलच्या गावाचे आहेत. प्रत्यक्षात पाऊस, माती, पीक आणि सिंचनाची पद्धत यांनुसार ते बदलतात. पण गणिताची दिशा बदलत नाही. पडणाऱ्या पावसाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, प्रश्न वाटपाचा आहे.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ एवढे पुरेसे का नाही?

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग कठीण खडकाचा आहे. बेसाल्ट हा वाळूसारखा सलग पाणी धरून ठेवणारा खडक नव्हे. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरातच पाणी साठते. भूजल अभ्यासात या खडकाची पाणी देण्याची क्षमता साधारण १ ते ३ टक्के धरली जाते. १०० लिटर आकारमानाच्या खडकातून फार तर १ ते ३ लिटर पाणी उपसता येते, असा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट, मुरलेले पाणी एका जागी थांबत नाही. ते उताराने सरकते, झऱ्यांतून आणि ओढ्यांतून बाहेर पडते. पावसाळ्यात तुडुंब भरलेली विहीर जानेवारी-फेब्रुवारीत तळ गाठते, त्यामागे उपसा हे एक कारण आहे आणि खडकाची गळती हे दुसरे. त्यामुळे पाणी जिरवले म्हणजे ते उन्हाळ्यासाठी बँकेत ठेवले, असे होत नाही. ते किती आहे हे दिवाळीच्या सुमारास मोजायचे आणि कोणत्या पिकाला किती द्यायचे हे तेव्हाच ठरवायचे, एवढेच गावाच्या हाती असते. जुन्या पद्धतींचे महत्त्व नेमके या ठिकाणी आहे. त्यांत बांधकामाला जितकी किंमत होती, तितकीच ठरवण्याच्या रीतीला होती.

फड पद्धत नेमकी काय?

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी फड पद्धत तीनेकशे वर्षांपासून चालत आली. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून निघालेला पाट काठाने न्यायचा आणि पाण्याच्या उतारावर जमीन भिजवायची. पंप नाही, वीज नाही. जास्तीचे पाणी सांडव्यावरून पुन्हा नदीत जाते आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्याला मिळते.

गावाच्या भिजणाऱ्या क्षेत्राचे साधारण तीन-चार मोठे भाग केले जात. त्या प्रत्येक भागाला फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा किंवा बाजरी आणि कोणता फड पडीक ठेवायचा, हे नदीला किती पाणी राहील याचा अंदाज घेऊन गाव मिळून ठरवत असे. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विभागलेल्या असत. त्यामुळे पाणी कमी पडून एक फड पडीक राहिला, तर त्याची झळ एकट्यादुकट्याला न बसता सर्वांना थोडीथोडी बसे.

एका फडात एकच पीक असण्याचा तांत्रिक फायदाही होता. सगळ्या शेतांना पाण्याची पाळी एकाच वेळी लागत असल्याने पाट सारखा उघडावा लागत नसे आणि वाटेत पाणी कमी मुरे. पिके आळीपाळीने फिरत असल्याने जमिनीचा पोतही टिके. पाटाची देखभाल, पाणी सोडणे आणि पिकांची राखण यांसाठी पाटकरी, बारेकरी, जागल्या अशी माणसे नेमलेली असत. त्यांचा मेहनताना शेतकरी मिळून देत. दरवर्षी पाट साफ करण्यासाठी घराघरातून माणूस येई.

सिंचनाच्या आजच्या भाषेत सांगायचे तर मागणीचे नियोजन, तुटीची समान वाटणी आणि देखभालीची लोकवर्गणी या तिन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेत होत्या.

पुढे या नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली. मोसम नदीवरील हरणबारी हे त्यांपैकी एक. नदीचा नैसर्गिक प्रवाह बदलला, पाणी सोडण्याचा निर्णय गावाकडून सरकारी खात्याकडे गेला. त्यातच विहिरींवर पंप बसले. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला फडाचा नियम पाळण्याची गरज उरली नाही. काही गावांत फड अजून चालतात, पण पूर्वीची शिस्त सगळीकडे राहिलेली नाही.

मामा तलाव कोणाचे?

राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पूर्व विदर्भात, भूगोल वेगळा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या काही भागांत पाऊस १,२०० मिलिमीटरच्या पुढे जातो. पण धान पिकाला नेमकी निसवणीच्या वेळी पावसाने दडी मारली, तर हंगाम हातचा जातो. या एका-दोन संरक्षित पाळ्यांसाठी गोंड राजांच्या काळापासून इथे तलाव बांधले गेले. त्यांत कोहळी समाजाचा वाटा मोठा आहे. तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले म्हणून ‘माजी मालगुजारी’ आणि त्यावरून ‘मामा’ तलाव. त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हे या परंपरेतील सर्वांत परिचित नाव.

हे तलाव सुटे नाहीत. जंगलाच्या पायथ्याचा तलाव भरला की त्याचा सांडवा खालच्या तलावात पडतो, तिथून पुढच्या बोडीत. पाळीखालची जमीन धानाला, पाणी ओसरत जाईल तशी बुडीत जमीन रब्बीला, पाणी मासेमारीला, गाळ शेताला. एका तलावावर शेतकरी, ढिवर मच्छीमार आणि गुरे राखणारे अशा अनेकांचे पोट अवलंबून. हे वापरहक्क निस्तार हक्क म्हणून कागदोपत्रीही नोंदले गेले.

१९५०-५१ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. जमीनदारी गेली हे योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाल्यावर दरवर्षी पाळ दाबायची कोणी, दार दुरुस्त करायचे कोणी, हा प्रश्न अधांतरी राहिला. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, पाणलोटातील जंगल वन विभागाकडे, पोटातले अतिक्रमण महसूल खात्याकडे. गावाकडे उरली ती फक्त तक्रार. अनेक तलाव गाळाने भरले, बेशरमाच्या झुडपांनी व्यापले.

सुधारणेचा प्रयत्नही याच भागातून झाला. ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ही संस्था ढिवर समाजाच्या मच्छीमारांबरोबर तलावांवर काम करते. बेशरम उपटणे, तळ नांगरणे, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि देशी माशांना जागा मिळवून देणे, असे या कामाचे स्वरूप आहे. तलाव जगवायचा तर त्यातील गाळापलीकडे पाहावे लागते, हे या कामातून दिसते.

मोटेकडून मोटारीकडे : काय बदलले?

मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात बारव, पायविहिरी आणि मोटेच्या विहिरी होत्या. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर अनेकांनी पाहिली असेल. तिच्या वास्तूचे कौतुक होते. पण पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा मोटेचा आहे. बैलजोडी दिवसभरात किती पाणी ओढणार, याला मर्यादा होती. ती मर्यादा कोणत्याही कायद्याने घातलेली नव्हती, ती बैलांच्या ताकदीने घातली होती. त्यामुळे उपसा आणि भरणा यांचा मेळ बऱ्याच अंशी आपोआप बसे.

१९७२ च्या दुष्काळानंतर चित्र बदलले. खडक फोडणारी यंत्रे आली, विजेचे पंप आले. पुढे बोअरची खोली शेकड्यांनी फुटांत मोजली जाऊ लागली. खोलवरचे पाणी अनेक वर्षांत साठलेले असते. ते एकदा संपले की एका पावसाळ्यात भरून येत नाही. बैलाने घातलेली मर्यादा गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही मर्यादा आली नाही.

शेततळ्याचे गणित कुठे चुकते?

शेततळे ही मूळ कल्पना चांगली आहे. शेतातून वाहून जाणारे पाणी खड्ड्यात साठवायचे आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एक-दोन पाळ्या द्यायच्या. २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. तिच्यात ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान होते. नंतर वैयक्तिक शेततळ्यांचा समावेश मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत झाला आणि अनुदान ७५ हजारांपर्यंत गेले.

अडचण तळ्याच्या वापरात आहे. अनेक ठिकाणी शेततळे प्लास्टिकने अस्तरित करून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते. त्यात पावसाचे पाणी नसतेच. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये २०१७ साली ईश्वर काळे यांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. सामायिक भूजल उपसून ते खासगी टाकीत साठवण्याची ही स्पर्धा आहे.

पुन्हा आपल्या गावाकडे वळू. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल शेततळ्यात साधारण २० लाख लिटर पाणी मावते. अशी १०० तळी विहिरींतून भरली, तर २० कोटी लिटर उपसा होतो. खडकाची क्षमता २ टक्के धरली, तर १,००० हेक्टरच्या शिवारात पाण्याची पातळी सरासरी १ मीटरने खाली जाते. सरासरी १ मीटर म्हणजे उथळ विहिरीच्या मालकासाठी हंगाम जाणे.

आता बाष्पीभवन पाहा. जानेवारी ते मे या १५० दिवसांत रोज सरासरी ६ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर ९०० चौरस मीटरच्या भरलेल्या तळ्यातून दिवसाला ५,४०० लिटर जातात. पाणी उतरेल तसा पृष्ठभागही आकसतो. म्हणून हिशेब कमी करून एका तळ्यामागे ६ लाख लिटर धरू. १०० तळ्यांतून ६ कोटी लिटर. गावातील माणसे आणि गुरे यांच्या वर्षभराच्या गरजेच्या हे दीडपट आहे. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवण्याची ही किंमत.

मग शेतकरी असे का करतो? कारण त्याच्या बाजूने पाहिले तर ते शहाणपणाचे आहे. डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग एकदा लावली की ती मे महिन्यात सुकू देता येत नाही. बागेवर कर्ज असते. शेजाऱ्याने आधी उपसले तर आपल्याला काही उरणार नाही, याची खात्री असते. प्रत्येकाने स्वतःपुरता बरोबर निर्णय घेतला आणि गाव मिळून कोरडे पडले, असा हा पेच आहे. याला एकट्या शेतकऱ्याचा लोभ म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनुदान देणाऱ्या योजनेने ‘तळे कोणत्या पाण्याने भरणार’ हा प्रश्न नीट विचारला पाहिजे.

जलयुक्त शिवारचा अनुभव काय सांगतो?

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते आणि दरवर्षी ५ हजार गावे घेतली जाणार होती. भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे ‘कॅग’च्या २०२० मधील अहवालाने या अभियानावर बोट ठेवले. ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असे अहवालात म्हटले होते. त्यावर राजकीय वादही झाला. २०२३ पासून अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला.

कामे सर्व वाया गेली असा याचा अर्थ नाही. अनेक गावांत ओढे वाहते झाले, विहिरींना दोन-तीन महिने जास्त पाणी टिकले. पण पाणी वाढले की त्याच गावात ऊस आणि फळबागा वाढल्या. एका बाजूने खोलीकरण, दुसऱ्या बाजूने नवे बोअर. साठा वाढवणारी यंत्रणा होती, मागणीला आवर घालणारी नव्हती.

जुने ते सगळे सोने होते का?

नव्हते. हे स्पष्ट सांगितले नाही तर परंपरेचे कौतुक एकांगी होईल. गावाचे पाणी सामायिक होते, पण ते सर्वांना खुले नव्हते. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याचा बोले ठराव मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना हजारो लोकांसह सत्याग्रह करावा लागला. मालगुजारी तलावांमागेही सत्तेची उतरंड होती. फडात ज्याची जमीन, त्यालाच पाणी. भूमिहीनाला त्यात हिस्सा नव्हता.

म्हणून ‘पूर्वीसारखे करू या’ हे उत्तर पुरेसे नाही. जुन्या व्यवस्थांतून घ्यायचे ते एकत्र निर्णय आणि तुटीची वाटणी हे सूत्र. टाकायचे ते पाण्यावरचे जातीचे आणि जमिनीचे वर्चस्व.

पाणीपंचायतीने यात काय बदलले?

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगाव इथे विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून केलेल्या कामातून पाणीपंचायत उभी राहिली. साळुंखे स्वतः अभियंता आणि उद्योजक होते. त्यांनी फडाच्या सूत्रात मोठी सुधारणा केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येवर द्यायचे. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येणार नाही. आणि उसाला पाणी नाही. योजनेच्या खर्चाचा २० टक्के भाग लाभार्थ्यांनी उचलायचा, म्हणजे ती आपली वाटेल.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दुसरा मार्ग दाखवला. पाणलोटाची कामे तर झालीच. त्याबरोबर शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळीसारखी पिके लावण्यास गावाने स्वतःहून बंदी घातली. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. कमी पावसाच्या वर्षी पीकपद्धती बदलते. फडात हंगामाच्या सुरुवातीला होणारी चर्चाच इथे पर्जन्यमापकाच्या आकड्यांसह होते, असे म्हणता येईल.

मात्र हा नमुना हजारो गावांत का पसरला नाही, हाही प्रश्न आहे. कणखर नेतृत्व, तुलनेने लहान गाव आणि वर्षानुवर्षांचा विश्वास या गोष्टी शासन निर्णयाने तयार होत नाहीत. शिवाय शेजारच्या गावाने त्याच खडकातील पाणी उपसले, तर एका गावाचा नियम अपुरा पडतो.

कायदा काय म्हणतो?

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणी काढण्याचा हक्क असल्याचे मानले जाते. ज्याची जमीन त्याचे पाणी, या समजाचे मूळ तिथे आहे. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. त्यानंतर महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला. तो २०१४ मध्ये लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. भूजलाची स्थिती गंभीर असलेली क्षेत्रे अधिसूचित करून तेथील वापर आणि पिके यांचे नियोजन करण्याची तरतूदही आहे.

पण रात्रीत बोअर घेणारी गाडी शिवारात आली, तर तिला अडवणार कोण? तलाठी, ग्रामसेवक की शेजारी? निवडणुकीच्या राजकारणात बोअरबंदी कोणालाच परवडत नाही. कायदा कागदावर राहण्याचे हे मोठे कारण आहे.

मग गावाने काय करायचे?

पहिले, दिवाळीच्या आधी पाण्याचा ताळेबंद. गावात एक पर्जन्यमापक आणि दहा-बारा निरीक्षण विहिरी पुरतात. केंद्राच्या अटल भूजल योजनेत गावपातळीवर जलसुरक्षा आराखडे करण्यावर भर देण्यात आला. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईच्या मदतीने गावनिहाय ताळेबंदाची पद्धत विकसित झाली. साधने आहेत. त्यातील आकडे ग्रामसभेत वाचले जातात का आणि त्यांवरून पिके ठरतात का, हे पाहायला हवे.

दुसरे, शेततळ्याच्या अनुदानाला अट. तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरेल अशा जागी असेल तरच अनुदान. भूजलाने भरायचे असेल, तर ते किती भरायचे याला ताळेबंदाची मर्यादा.

तिसरे, भूगोलाप्रमाणे उपाय. धुळ्याच्या वाहत्या नदीला शोभणारा बंधारा मराठवाड्याच्या सपाट माळावर चालेलच असे नाही. मामा तलावांच्या साखळीला गाळ काढण्याइतकीच पाणलोटातील जंगलाची आणि मच्छीमारांच्या हक्काची गरज आहे. सगळ्या राज्याला एकच साचा आणि एकच यंत्र लावले, की पैसा खर्च होतो आणि पाणी तिथेच राहते.

चौथे, पीक बदलण्याची किंमत एकट्या शेतकऱ्याच्या माथी नको. उसाला खात्रीचा भाव आणि खात्रीचे गिऱ्हाईक आहे. तूर, हरभरा, ज्वारी, बाजरी लावणाऱ्याला तशी खात्री नाही. ती मिळत नाही तोवर ‘कमी पाण्याची पिके घ्या’ हा उपदेशच राहतो.

हवामानबदलामुळे पावसाचे दिवस कमी होऊन एकाच वेळी धो धो कोसळण्याचे प्रकार वाढत आहेत. मोठ्या सरींचे पाणी अडवायला बंधारे, तलाव लागतीलच. पण दोन पावसांतले लांबलेले खंड काढायचे तर साठलेल्या पाण्यावर कोणाचा पहिला हक्क, हे आधी ठरलेले असावे लागते. माणसे, गुरे, चारा, हाती असलेले पीक आणि मग नगदी पीक, हा क्रम ऑक्टोबरमधल्या ग्रामसभेत ठरला, तर एप्रिलमध्ये टँकरची मागणी कमी होऊ शकते. आपल्या गावचा या वर्षीचा पाऊस किती मिलिमीटर झाला आणि त्यातले किती पाणी शिल्लक आहे, हे पुढच्या ग्रामसभेत विचारून पाहा. उत्तर देणारा कोणी नसेल, तर काम कुठून सुरू करायचे ते कळेल.